वडावरून पडलेला नारळ

विम्याचा एजंट समोरून आला की परंड्यातली चांगली चांगली माणसं चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग करून खाली वाकतात. बावीस वर्षं बघतोय मी. बसस्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात माझं एक टेबल आहे आणि दोन खुर्च्या आहेत. गाड्यांचे विमे उतरवतो. नाव बब्रुवान. डोकं जरा तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात माझ्याबद्दल तेवढं एकच सांगतात. पण बावीस वर्षांत एका फॉर्मवर खोटं अक्षर लिहिलं नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. वडाच्या झाडावरून नारळ पडला असं लिहिलं एकदा, पण तेही खरंच होतं. कसं ते ऐका.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सोनारीचा श्रीनाथ आईला घेऊन आला. पंचविशीचं पोरगं. साखर कारखान्यावर वजनकाट्याला हंगामी नोकरी होती, ती सोडून यानं बार्शीहून जुनी सात माणसांची गाडी उचलली, पिवळ्या पाटीची. इकडं आता डोंगरावर जिकडं तिकडं पवनचक्क्या झाल्यात. त्यातल्या एका कंपनीनं साहेब लोकांची ने-आण करायला ही गाडी महिन्यावर लावून घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच. पुढल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठला गाडी गेटवर पाहिजे, कागद पुरे पाहिजेत आणि गाडी धड पाहिजे. चुकला की मागं दुसरा उभाच. पोरानं सगळी मदार त्या सोमवारवर ठेवली होती.

"काका, विमा किती?"

"नुसता थर्ड पार्टी वीस हजार. म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई, तुझ्या गाडीचं काहीही होवो. फुल्ल घेतला तर चाळीस."

"चाळीस!" पोरगं खुर्चीतून उठलंच. "माझा दोस्त हाय कळंबला. त्यो पांढऱ्या पाटीवरच भाडं मारतो. त्येचा विमा लई कमी हाय."

"त्याची गाडी ठोकू दे एकदा, मग ये मला त्याचा विमा सांगायला. घरची गाडी म्हणून विमा उतरवायचा अन् भाडं मारायचं! कंपनी एक रुपया देत नसती."

"जुन्या ड्रायव्हर लोकांना सूट देता की तुमी."

"त्यांनी वर्षानुवर्षं क्लेम घेतलेला नाही, त्याची सूट आहे ती. तुला कशाची देऊ? मिशा नीट फुटल्या नाहीत त्याची?"

त्याची आई, म्हाळसाबाई, इतका वेळ गप्प बसली होती. तिचा नवरा रणधीर माझा शाळेतला सोबती, म्हणून मी तिला वहिनी म्हणतो. ती म्हणाली, "भावजी, जरा भाईर येऊन गाडीची काच वाचा."

मी बाहेर आलो. पुढच्या काचेवर, ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढं येतील अशी, वीतभर उंचीची लाल अक्षरं चिकटवलेली होती. 'काळभैरव हाच आमचा विमा'.

माझं टाळकंच सरकलं. "मग आरटीओनं धरलं की काळभैरवाची पावती दाखवा! मी कशाला बसलोय इथं, माश्या मारायला?"

"देव तारी त्याला कोण मारी," वहिनी शांतपणे म्हणाली. "चल रं नाथा. वीसचंच बघू, उद्या सांगू." आणि गेली की दोघं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर होतंय तोवर वहिनी पहिल्या एसटीनं हजर. एकटीच. पदराची गाठ सोडून नोटा टेबलावर ठेवल्या. "फुल्ल करा. वगार इकली काल सांजच्याला."

वगार म्हणजे तिच्या हातावर वाढलेली म्हशीची पारडी. वर्षभरात दुधाला आली असती.

"काल तर देव तारणार होता," मी म्हणालो. जिभेला हाड नाही माझ्या.

"काल पोरगं व्हतं संगं. त्येच्याम्होरं भ्याल्यावानी दावू व्हय?" मग नोटांकडं बघतच म्हणाली, "ह्यांच्या वक्ताला देव व्हता, भावजी. कागद न्हवता."

मी नोटा मोजायला घेतल्या. रणधीर जीप चालवायचा. तिच्या काचेवरही अशीच देवाची नावं होती, वरपासून पार निम्म्यापर्यंत. विमा संपला होता तेव्हा मी त्याच्या मागं मागं फिरलो होतो. तो हसून म्हणाला, "पुढल्या बाजारी भरतो, बब्रू." पुढला बाजार यायच्या आत येडशीच्या घाटात जीप खाली गेली. बारा वर्षं झाली. त्या घरात एक पैसा आला नाही, आणि तेव्हापासून कुणी 'पुढल्या बाजारी' म्हणालं की मी जास्तच ओरडतो.

पॉलिसी केली. जाताना वहिनी म्हणाली, "काचवरलं तसंच ऱ्हाऊ द्या. देवाला वाईट वाटंल."

रविवारी सोनारीला गाडीची पूजा होती. मला आवतण होतं. सोनारीच्या काळभैरवाच्या देवळापाशी वानरांची ही गर्दी. कुणी त्यांच्यावर दगड उचलत नाही. देवाची वानरं म्हणून हातातलं केळं नेलं तरी लोक हात जोडतात. गाडी वडाखाली सावलीला लावली. हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबं झाली. नारळ फोडायला श्रीनाथ दगडाकडं निघाला, तर वहिनीनं त्याच्या हातातून नारळ काढून घेतला.

"म्या बोलले हाय देवाला. गाडीचा पयला नारळ वानराच्या हातानं फुटंल."

"आई, वानर कुठं नारळ फोडत असतंय व्हय?"

"तू नगं शिकवू."

एक दांडगा हुप्प्या बोनेटवर येऊन बसलाच होता. वहिनीनं त्याच्यापुढं सबंध नारळ धरला आणि म्हणाली, "घे बाबा, तुझ्या हातानं फोड." त्यानं नारळ घेतला, काखेत मारला आणि सरळ वडावर. वर बसून त्यानं नारळ कानाशी हलवून बघितला, बाजारात बायका बघतात तसा. शेंडी उपटली. दातानं दोनदा खरवडलं. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, इथं नारळ होता, पण मला तेव्हाच कसंतरी व्हायला लागलं होतं. "गाडी मागं घे रे," मी म्हणेस्तोवर त्यानं हात सोडला.

फाडकन आवाज झाला. नारळाची दोन भकलं झाली आणि पुढच्या काचेवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं पसरलं. बरोबर 'विमा' ह्या शब्दावर दणका बसला होता.

"फुटला! नारळ फुटला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनं डोळे मिटून हात जोडले. पुजाऱ्यानं लगेच खोबऱ्याचे तुकडे करून वाटले. मीही खाल्ला एक. गोड होता, खोटं कशाला बोलू. श्रीनाथ मात्र काचेकडं बघत उभा होता. त्याच्या हातातलं खोबरं हातातच राहिलं.

मी त्याचा खांदा दाबला. "भिऊ नको. त्यासाठीच फुल्ल विमा आहे." पिशवीतून फॉर्म काढला, बोनेटवर ठेवला. नुकसान कशामुळं झालं? मी लिहायला घेतलं, 'माकडाने', तर वहिनीनं पेनच धरलं.

"वानर म्हना."

"बरं, वानराने."

"तेबी न्हाय लिवायचं. बारा वर्सं ज्यानं मला अन् माज्या पोराला संबाळलं, त्येच्या वानरावर म्या सरकारी कागद करू?"

"अहो, सरकारी नाही, कंपनीचा आहे! आणि वानराला कोण अटक करतंय का?"

"कागद म्हंजी कागद. तुमच्या दोस्ताची आन हाय तुमास्नी, भावजी. कुणाला सांगायचं न्हाय."

झालं. मेलेल्या मित्राची शपथ घातल्यावर माणूस काय करणार? मी देवळापुढच्या नारळवाल्याला विचारलं, तू तरी साक्ष देतोस का? "आमी न्हाय काय बघितलं," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडात त्याच नारळाचं खोबरं होतं. पुजारी आकाशाकडं बघायला लागला. श्रीनाथ एकदा आईकडं, एकदा काचेकडं. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, काचेचे पैसे मी उसने देतो. ते वहिनीच्या कानावर गेलंच. "वगार इकून इमा भरलाय तो काय उसनं मागायला? न्हाय घ्यायचं कुनाचं!"

इकडं आड, तिकडं विहीर. मग मला एक वाक्य सुचलं. मी लिहिलं, 'झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीवर झाडावरून नारळ पडून पुढची काच फुटली.' पाच वेळा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. वानरही सुटलं, मीही सुटलो. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की घरी येऊन बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झाड कसलं हाय?" मी म्हणालो, "तुला काय करायचंय?"

तिलाच सर्व्हेअर करायला पाहिजे होतं.

पॉलिसी चार दिवसांची आणि लगेच क्लेम, त्यामुळं कंपनीनं नुसत्या फोटोवर भागवलं नाही. गुरुवारी सर्व्हेअर स्वतः आला. सिद्धाराम नावाचा, उमरग्याकडचा, कपाळाला विभूती, अंगानं बारीक आणि बोलायला त्याहून कमी. गाडी जागेवरच बघायची म्हणाला, म्हणून वडाखालीच उभी केली होती. त्यानं काच बघितली, फोटो काढले, फॉर्म वाचला.

"नारळ झाडावरून पडला?"

"व्हय साहेब," श्रीनाथ म्हणाला.

"कुठल्या झाडावरून?"

श्रीनाथनं वर बोट केलं. सिद्धारामनं वर बघितलं. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितलं.

"हा वड आहे."

"व्हय."

"वडाला नारळ?"

श्रीनाथ माझ्याकडं बघायला लागला. माझे कान तापले.

"आमच्याकडं पण वड आहेत हो," तो म्हणाला. "पारंब्या येतात. नारळ येत नाहीत. ह्या गावात नारळाचं एक झाड दाखवा, मी इथं उभ्या उभ्या सही करतो." माझ्याकडं वळून म्हणाला, "एजंट साहेब, अक्षर तुमचं आहे ना? चार दिवसांची पॉलिसी, अन् असलं कारण?"

"साहेब, बावीस वर्षांत मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही! नारळ झाडावरूनच पडला!"

"मग झाडावर कुणी ठेवला?"

"ते मला माहीत आहे, पण सांगता येत नाही."

हे बोलल्यावर मलाच कळलं की मी काय बोललो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सिद्धारामनं मान हलवली. "मला मग खोटी माहिती असं लिहावं लागतंय. फाइल बंद होणार." त्यानं पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात श्रीनाथचा फोन वाजला. पवनचक्कीवाले होते. "सोमवारी आठला ना? गाडी तयार आहे ना?" आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. पोरगं त्या फुटक्या काचेकडं बघून म्हणालं, "व्हय साहेब. तयार हाय." आणि फोन ठेवून पाठ फिरवून उभं राहिलं. त्याचे खांदे हलत होते. लेकाचं वय ते काय, आणि बापासारखंच वेळ मारून न्यायला शिकलं होतं.

वहिनी देवळाच्या पायरीपाशी उभी होती. तिनं लेकाची पाठ बघितली आणि तरातरा आत गेली. मला वाटलं, आता ही देवापुढं बसून राहणार आणि तिकडं फाइल बंद होणार. मी तिला ओरडायलाच मागं गेलो. उंबऱ्यापाशी थांबलो. ती हातही न जोडता उभी होती, शेजारणीशी बोलावं तशी.

"देवा, आजवर कुनाची चुगली केली न्हाय म्या. आज तुज्या लेकराचं नाव सांगनार हाय. तुझ्या लेकराला तू हायेस. माज्या लेकराला म्या एकलीच हाय."

एवढंच बोलली आणि बाहेर आली. मला म्हणाली, "तुमची आन सुटली, भावजी. पर म्याच सांगते."

सिद्धारामपुढं जाऊन तिनं सगळं सांगितलं. नवस काय होता, नारळ कुणी दिला, कुणी घेतला, कानाशी कसा हलवला. शेवटी वर बोट केलं. "त्यो बघा, त्योच. शेपूट खाली सोडून बसलाय."

सिद्धारामचं पेन थांबलं. त्यानं हळूच वर बघितलं, मग खाली आपल्या बुटांकडं. "शिव शिव," म्हणाला आणि बूट काढून बाजूला ठेवले. "बाई, देवस्थानचं वानर? मी... नुसतं 'प्राणी' लिहितो."

"आता कशापायी भेता?" वहिनीचा आवाज चढला. "म्या आई असून नाव घेतलं, तुमी तर पगारी हाय! वानरच लिवा. अन् त्येच्या खाली लिवा, त्येची काय चूक न्हाय. म्या म्हनलं फोड, त्यानं फोडला. सांगितल्यालं ऐकणारं त्येवढं एकच हाय ह्या गावात."

आता साक्षीदारांना कुठून कंठ फुटला कोण जाणे. नारळवाला म्हणाला, म्या पयल्यापासनं बघितलं. पुजारी म्हणाला, आवाज तर पार कुंडापर्यंत गेला. त्या दिवशी एक जण काही बोलेना, आज एकमेकांचं बोलणं पुरं होऊ देईनात. मी म्हणालो, "रविवारी कुठं गेला होता रे तुम्ही?" तेवढ्यात तो हुप्प्या सरसर खाली आला आणि सिद्धारामच्या पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर जाऊन बसला. वायपरला हात लावून बघायला लागला.

"करतो, करतो सही," सिद्धाराम वानराकडं बघतच म्हणाला.

त्यानं माझं वाक्य खोडलं नाही. फक्त पुढं जोडलं, 'सदर नारळ वानराच्या हातून सुटला. वानराची चूक आढळली नाही.' कंपनीच्या फॉर्मवर असलं वाक्य मी आजवर वाचलं नव्हतं. शुक्रवारी मंजुरी आली.

शनिवारी बार्शीला नवी काच बसली. मीही गेलो होतो, काम नव्हतं तरी. काच बसवून झाली तशी श्रीनाथनं रेडियमवाल्याला बोलावलं. तो लाल पट्टीचा गुंडाळा घेऊन तयारच होता. "काय लिवायचं, आई? तेच का?"

मी तोंड उघडलं होतं, पण वहिनीनं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. नवऱ्याची जीप, लेकाची गाडी, कशातच ती जागा तिनं कधी घेतली नव्हती. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत राहिली, लई वेळ.

"काय बी नगं लिवू."

"देव रागवंल की गं."

"त्येचा ल्हान फोटू आत लाव. काच मोकळी ऱ्हाऊ दे." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "भावजी, ह्यांच्या जीपची निम्मी काच नावानंच झाकल्याली व्हती. घाटात त्यांना वळण दिसलं का न्हाय, कुनाला ठावं. म्या सोता चिकटवली व्हती ती नावं."

रेडियमवाल्यानं गुंडाळा खाली ठेवला. मी खिशातला रुमाल काढून नवी काच पुसायला लागलो.

सोमवारी मी दुकान उशिरा उघडलं. साडेसातला सोनारी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. कुणी विचारलं असतं तर चपलेचा अंगठा तुटलाय म्हणालो असतो. गाडी लांबून येताना दिसली. रणधीरच्या जीपमधून मला त्याचा निम्माच चेहरा दिसायचा, हनुवटी आणि हसू. वर सगळी अक्षरं असायची. ह्या काचेतून पोरगं सबंध दिसत होतं, कपाळावरच्या कुंकवासकट. त्यानं मला बघितलं, हसला, हॉर्न दिला, आणि मान वळवून माझ्याकडंच बघत हात करायला लागला.

मी रस्त्याच्या कडेला उभा राहून सगळ्या फाट्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडलो, "माझ्याकडं काय बघतोस गाढवा, पुढं बघ!"